संध्याकाळी सातची वेळ

चि. बाळू यास,


काल ताईचा फोन आला होता. तुला दवाखान्यातून येऊन २२ दिवस झाले, जेवण जातंय, झोप लागतेय, हे सांगताना तिचा आवाज किती दिवसांनी मोकळा वाटला. मग हळूच म्हणाली, "एकदा त्या एएच्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मीटिंगला जाऊन आला, पण आता नको म्हणतो. माझा मी राहीन म्हणतो." म्हणून हे पत्र.

माझा मी राहीन म्हणून मीही राहिलो होतो, चार महिने. घरात सगळ्यांना वाटलं, सुटली. मग एके दिवशी, भांडण नाही, दुःख नाही, संध्याकाळी सातला कामावरून निघालो आणि पाय जुन्या सवयीने वळले. बाटली बाजूला ठेवली होती, पण सात ते नऊ या दोन तासांचं काय करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. मीटिंगने मला सगळ्यात आधी काही दिलं असेल, तर त्या दोन तासांत बसायला जागा दिली.

महापालिकेच्या शाळेतली चौथीची खोली होती ती. फळ्यावर पाढे, बाकं लहान मुलांची, त्यात माझे गुडघे अडकत होते. कुणी नावनोंदणी केली नाही, फी मागितली नाही. शेवटी एक पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने त्यात काही टाकलं. दारू सोडायची इच्छा, एवढीच तिथली अट. एकजण उठून बोलायला लागला. काय बोलला ते लिहीत नाही, तिथलं तिथेच ठेवायचं असतं. पण मी घरी कुणापासून काय लपवत होतो ते हा परका माणूस सगळ्यांसमोर शांतपणे सांगत होता, आणि खोलीत कुणी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत नव्हतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा मला माझी लाज थोडी कमी वाटली.

तुला ओळखीचं कुणी भेटेल याची धास्ती आहे, असं ताई म्हणाली. भेटेलही. पण तोही त्याच कारणासाठी आलेला असेल ना? आणि खरं सांगू का, आपण पीत होतो तेव्हा गल्लीला ठाऊक होतं, ऑफिसला ठाऊक होतं. लपलं आहे असं फक्त आपल्यालाच वाटत होतं.

तू गेलास तिथे सगळे साठीचे होते म्हणतोस, तर दुसरा ग्रूप बघ. शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी असे वेगवेगळे ग्रूप असतात, एएच्या हेल्पलाइनला फोन केलास की वार आणि पत्ता सांगतात. सात-आठ मीटिंगा केल्याशिवाय मत बनवू नकोस. देवाचं नाव खटकलं असेल, तर एएच्या बारा पायऱ्यांत ज्याला जसा उमगेल तसा ईश्वर, एवढी मोकळीक ठेवली आहे. मी बरीच वर्षं त्या खोलीतल्या माणसांनाच ती जागा दिली.

तू इंजिनियर, तुला पुरावा लागतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास एकत्र तपासले होते, त्यांत दहा हजारांवर माणसं होती. पूर्ण सोबर राहण्याच्या बाबतीत एएशी जोडून देणारे बारा पायऱ्यांचे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. पण मला आकड्यांपेक्षा अ‍ॅक्रनची गोष्ट पटते. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन धंद्याच्या कामाने त्या गावी आला होता. काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एकटा, समोर बार, आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला सुरुवात केली. स्वतः तगायचं तर दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायला हवं, हे त्याला कळलं होतं. त्यातून तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. त्या दोघांच्या बोलण्यातून एए उभं राहिलं. म्हणून तू कोपऱ्यात गप्प बसलास तरी समोरच्या जुन्या माणसाला तुझा उपयोग होतो, हे लक्षात ठेव.

एक मात्र नीट ऐक. मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. चुकून पुन्हा प्यायलास आणि एकदम सोडल्यावर हात थरथरायला लागले, घाम फुटला, भास झाले, तर आधी डॉक्टर. झटके येऊ शकतात, त्यात जीवही जातो. डॉक्टरांच्या गोळ्या कुणा मेंबरच्या सांगण्यावरून बंद करायच्या नाहीत.

आणि सूनबाई. तिने तुझ्या चावीचा आवाज ऐकत किती रात्री काढल्या असतील! पुण्यात १९८६ साली अनिल आणि अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. अल-अनॉनच्या मीटिंगाही घरच्यांसाठीच असतात. तू तिला जा म्हणू नकोस. माहिती दे, ठरवू दे तिला.

येत्या शनिवारी मी येतो आहे. साडेसहाला तयार राहा, पायीच जाऊ. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं नाव सांग, तेही नको असेल तर बसून राहा. मी शेजारच्या बाकावर असेन. ताईला म्हणावं, जेवायला साडेनऊ होतील.

तुझा,
मामा