कढीपत्त्यावरची शेपटीवाली

१. आधी झाड, मग फुलपाखरू. फुलं लावली की फुलपाखरं येतात, पण मधापुरती. मुक्काम करायचा तर अंडी घालायला त्यांना त्यांचंच झाड लागतं. कॉमन मॉर्मन या फुलपाखराला कढीपत्ता, लिंबू, बेल चालतो. क्रिमझन रोझला मात्र ईश्वरमूलीसारखीच वेल हवी, म्हणजे आपली सापसंद. ही वेल विषारी. अळी ते विष अंगात साठवते, म्हणून फुलपाखरू झाल्यावरही पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

२. पानावरची घाण झटकू नये. कॉमन मॉर्मनची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी. कात टाकत टाकत ती पानासारखी हिरवी होते. हळूच बोट लावलं, तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तंजावरला सासरी आले तेव्हा सासूबाई फोडणीला पानं तोडताना अळ्याही काढून टाकायच्या. एकदा त्यांना ते शिंग दाखवलं. आता वाटणी त्यांनीच करून दिली आहे: “खालच्या फांद्या आपल्या, वरचा शेंडा तिचा.”

३. दोन सारखी दिसली, तर पोट बघावं. मला या छंदात खरं अडकवलं ते या खेळाने. क्रिमझन रोझ काळं, पंखांवर किरमिजी ठिपके आणि अंगही लालभडक. तसंच दुसरं येतं, पण त्याचं पोट काळं. ती कॉमन मॉर्मनची मादी. तिच्या अंगात विष नाही, नुसतं विषारी फुलपाखराचं सोंग. सावकाश उडायची ढबही ती उचलते, पण दचकली की एकदम वेगाने पळते. तिच्याच जातीच्या काही माद्या कॉमन रोझ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारख्या असतात, तर काही चक्क नरासारख्या. १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने या जातीच्या नराला आणि मादीला वेगवेगळ्या जाती समजून दोन नावं दिली होती. हे सगळं एकाच जातीचं गोत आहे, हे निसर्गअभ्यासक वॉलेसने १८६५ मध्ये उलगडलं. मादीचं हे रूप एकाच जनुकावर ठरतं, हे २०१४ मध्ये दाखवणाऱ्यांत आपले कृष्णमेघ कुंटे होते. मुदुमलाईच्या रानातल्या दिवसांवरचं त्यांचं ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ मराठीत आहे, जरूर वाचा.

४. संग्रह करावा, पण जिवंतपणाचा. टाचण्यांवरच्या जुन्या संग्रहांबद्दल मला आदर आहे. इथून जवळच, तरंगमबाडीला, लिनिअसचा शिष्य कोनिग १७६८ मध्ये आला आणि त्याने जमवलेल्या कीटकांवरून कितीतरी जातींची ओळख जगाला झाली. ते काम त्या काळी गरजेचं होतं. आज शोभेसाठी फुलपाखरू मारायचं मला कारण दिसत नाही. शिवाय क्रिमझन रोझला कायद्याचं संरक्षण आहे. आमच्या तंजावरला दुसरीही परंपरा आहे. सर्फोजी राजांनी (१७७७–१८३२) पशुपक्ष्यांची, वनस्पतींची चित्रं काढून घेतली. माझ्या वहीतही चित्रंच आहेत: तारीख, झाड, मादीचं रूप आणि बाजूला चिकटवलेलं कॉमन मॉर्मनच्या कोषाचं रिकामं टरफल.

५. कोष हलवू नये. अळी कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून डहाळीला तिरकी टेकते. कोषाचा रंग आजूबाजूला जुळेल असा, हिरवा किंवा तपकिरी. आतून पंखांचा काळा रंग दिसायला लागला की समजायचं, वेळ जवळ आली. सकाळी बाहेर येतं तेव्हा पंख चुरगळलेले असतात. ते पसरून वाळेपर्यंत हात लावायचा नाही. कधीकधी कोषातून बारीक गांधीलमाश्याच निघतात. वाईट वाटतं, पण त्यांचंही पोट आहे.

६. नर्सरीतून कढीपत्ता आणलात, तर त्यावर औषध मारलंय का ते आधी विचारा. मारलं असेल, तर नवी पालवी येईपर्यंत त्यावर पातळ कापड टाका. फवारलेल्या पानावर अंडी घातली गेली, तर अळ्या जगत नाहीत.