साडेसहा तासांत अमेरिका?

रात्री एकला मुंबई सोडायची आणि सकाळी साडेसातला न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला उतरायचं. तिकीट बघून आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी खुशीत विचारलं, "साडेसहा तासांत अमेरिका?" तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूअर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे उन्हाळ्यात हा प्रवास सोळा तासांचा झाला. उलट, उन्हाळ्यातच तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी बाराला मुंबईत उतरलात, तर साडेचौदाच तास झालेले असतात. येताना पश्चिमेचा उंचावरचा जोरदार वारा पाठीशी असतो.

अंतराचा हिशेबही असाच फसवतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. ताशी नऊशेने भागलं की चौदा तास. पण हे अंतर पृथ्वीगोलावर दोरी ताणून मोजल्यासारखं. विमानाला वारा टाळावा लागतो, बंद हद्दींना वळसा घालावा लागतो. रशियाने २०२२ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी विमानांना आकाश बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली, तेव्हापासून दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचा प्रवास लांबला.

तरी हवेतले तास बरे, खरा घोळ जमिनीवर होतो. अमेरिकेत मुलीकडे जाताना आम्हाला एका आखाती शहरात विमान बदलायचं होतं. मध्ये अडीच तास होते, कागदावर भरपूर. मुंबईहूनच उशीर झाला आणि उतरेपर्यंत पुढचं विमान गेलेलं. एजंटाने स्वस्त पडतं म्हणून दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटं काढली होती. पहिली कंपनी म्हणाली, आमचं काम इथवरच. दुसरी म्हणाली, तुम्ही आलाच नाहीत. नवी तिकिटं खिशातून काढावी लागली, तीही आयत्या वेळच्या भावाने. एकाच बुकिंगवर दोन्ही विमानं असती, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची होती.

अमेरिकेत पुढे डॅलसला किंवा आणखी कुठे जायचं असेल, तर सहसा पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं. सामानही सहसा तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावं लागतं. तिथे दीड तासाच्या भरवशावर राहू नका. ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. ती यायलाही वेळ लागतो.

मुंबई विमानतळ गाठताना पुणेकरांनी तर घाटातला खोळंबा धरूनच निघावं.

आणि तारीख! १५ तारखेच्या रात्री एकचं विमान म्हणजे १४ च्या संध्याकाळी घर सोडायचं. १५ ला रात्री जेवून निघालेली माणसं विमानतळावर हमखास भेटतात. एजंटाकडून तिकीट घेताना पैसे देण्याआधी एवढंच विचारा: बुकिंग नंबर एक आहे की दोन? दोन म्हणाला, तर दुसरा एजंट गाठा.