सुरण, करांदा, कळलावी : कंद लावायला किती खर्च येतो?

कंदवर्गीय झाडे तीन प्रकारे लावता येतात : जमिनीतला कंद, वेलीवर धरणारा करांदा किंवा बी. बी सर्वांत स्वस्त, पण फळ उशिरा देते. कंद महाग, पण त्याच वर्षी हाती काही येते. म्हणून खरेदीआधी पैसे आणि वर्षे, दोन्हींचा हिशेब मांडावा. खालचे भाव अंदाजे आहेत; गाव आणि हंगाम यांप्रमाणे ते बदलतात.

सुरण : कंदापासून

बेण्यासाठी भाजी बाजारातला निरोगी सुरण चालतो. किलोला ६० रुपये धरले, तर अर्ध्या किलोचे बेणे ३० रुपयांत होते. मोठा कंद कापायचा असेल तर मधल्या डोळ्याचा थोडा भाग प्रत्येक फोडीला आलाच पाहिजे. फोडी शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवा आणि एप्रिल-मेमध्ये लावा. पान पिवळे पडून लोळले की काढणी. मेमध्ये लावलेला सुरण साधारण संक्रांतीच्या सुमारास तयार होतो. ‘गजेंद्र’ जातीला खाज कमी असते, त्यामुळे मिळाल्यास तीच घ्या.

करांदे : वेलीवरच्या कंदांपासून

कोकणातल्या बाजारात पावसाळा संपल्यावर करांदे येतात. पाव किलोला २० ते ३० रुपये पडतात आणि तेवढ्यात घरापुरते बेणे होते. ते हवेशीर जागी ठेवा, उन्हाळ्यात कोंब फुटले की पावसाच्या तोंडावर लावा. वेलीला मांडव किंवा कुंपण लागते. काठी-दोरीचे ५० ते १०० रुपये धरा. पहिल्या वर्षी करांदे कमी धरतात. रानातले कडू करांदे विषारी असू शकतात, त्यामुळे बेणे खात्रीच्या, खाण्याच्या वेलीचेच घ्या.

कळलावी : बी की कंद?

बियांचे पाकीट ५० ते १०० रुपयांना, तर एक कंद १०० ते २०० रुपयांना मिळतो. बी रुजायलाच कित्येक आठवडे लागतात आणि फुलाची वाट तीन-चार वर्षे पाहावी लागते. चांगला पोसलेला कंद बहुधा त्याच पावसाळ्यात फुलतो. घेताना कंदाचे टोक तपासा. कोंब तिथूनच फुटतो, टोक मोडले असेल तर पैसे वाया. झाडाच्या सर्व भागांत कोल्चिसीन हे विष असते. घरात लहान मूल किंवा पाळीव जनावर असेल तर कळलावी लावू नका, आणि तिचे कंद खाण्याच्या कंदांशेजारी कधीही ठेवू नका.

पिशवीतला एक सुरण : पहिल्या वर्षाचा खर्च

- बेणे : ३० रुपये
- १८ इंची ग्रो बॅग : ८० ते १२० रुपये
- माती : १०० ते १५० रुपये
- गांडूळखत, ८ किलो : १६० ते २०० रुपये
- एकूण : ३७० ते ५०० रुपये

पिशवीत नीट पोसलेला सुरण दीड-दोन किलो भरतो. बाजारभावाने ते ९० ते १२० रुपये झाले. म्हणजे पहिल्या वर्षी खर्च भरून निघत नाही. पुढच्या वर्षी पिशवी, माती आणि बेणे घरचे असते. फक्त खत घालावे लागते. परसात जागा आणि घरचे शेणखत असेल, तर मात्र खर्च बेण्यापुरताच राहतो आणि पहिल्याच काढणीला फायदा दिसतो.

घेताना पाहा

कंद हाताला टणक आणि जड लागला पाहिजे. मऊ पडलेला, बुरशी धरलेला किंवा वास येणारा कंद फुकट मिळाला तरी घेऊ नका. जुन्या जातींच्या बेण्यासाठी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा. सुधारित जातींची चौकशी दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात करा.

पहिल्यांदाच लावणाऱ्याने सुरणापासून सुरुवात करावी. काढणी झाली की सगळा भाजीत न घालता अर्धा किलो बाजूला ठेवा, म्हणजे पुढच्या मेमध्ये बेणे विकत घ्यावे लागणार नाही.