वाटाण्याएवढा पफर, हातभर पफर

प्रश्न : दुकानात एक पफर मासा वाटाण्याएवढा, दुसरा हिरवा ठिपक्यांचा दिसला. दोन फुटी टाकीत गप्पींसोबत दोन्ही ठेवता येतील का? – एक वाचक, सोनगीर (जि. धुळे)

उत्तर : नाही. गप्पींच्या शेपट्या दोघेही कुरतडतील.

वाटाण्याएवढा पफर केरळच्या नद्यांतला. शास्त्रज्ञांनी त्याची नोंद 1941 मध्ये केली. पूर्ण वाढला तरी जेमतेम तीन सेंटिमीटर, पण स्वभाव हद्दीवरून भांडणारा. नराच्या पोटावर गडद रेघ येते आणि डोळ्यामागे बारीक सुरकुत्या दिसतात. तुमच्या टाकीत एक नर, दोन-तीन माद्या आणि दाट वनस्पती ठेवा. मासे एकमेकांच्या नजरेआड राहिले की मारामाऱ्या कमी होतात. हा मासा निसर्गात घटत चालला आहे, म्हणून शक्यतो टाकीत पैदास झालेलाच मागा.

हिरवा ठिपकेवाला पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी त्याला मचूळ पाणी लागते. गोड्या पाण्यातला म्हणून तो विकणे मला मुळीच पटत नाही. नाईलचा फहाका पफर चाळीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, काँगोचा म्बू साठच्या. फहाका एकटाच ठेवावा लागतो.

पफरचे दात आयुष्यभर वाढतात. लहान गोगलगायी खायला दिल्या की ते झिजतात. नुसत्या मऊ खाण्यावर ते इतके वाढतात की तोंड मिटत नाही. आणि सोनगीरकरांना खास सांगतो : तुमचे गाव तांब्याच्या भांड्यांचे, घरोघरी ती असतील, पण टाकीचे पाणी त्यांत साठवू नका. पाण्यात उतरलेले तांबे गोगलगायींना मारते, माशांनाही बाधते. प्लास्टिकची बादली वापरा.