दरडोई टनांचा हिशेब : भारत आणि ब्राझील

पर्यावरणावर लिहिताना-बोलताना दरडोई उत्सर्जनाचे आकडे मला सतत हाताळावे लागतात. विकसनशील देशांची तुलना निघाली की मी भारत आणि ब्राझील ही जोडी पुढे करतो, कारण इतकं दुसऱ्या कुठल्याच जोडीनं मला शिकवलेलं नाही.

१. आकडा ऐकला की आधी विचारावं, कशाकशाचा? कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड तेवढाच धरला, तर दोन्ही देश जवळपास बरोबरीत येतात : माणशी वर्षाला दोन-सव्वादोन टन. जगाची सरासरी साडेचारच्या वर आहे. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड, म्हणजे मुख्यतः शेती आणि गुरं, मिळवली की भारत तीन टनांच्या आत राहतो आणि ब्राझील सहाच्या घरात जातो. त्यात जंगलतोड धरली तर ब्राझील दहाच्याही पुढे. भारताचं इथे उलट होतं. २०२० सालचं आपलं अधिकृत उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन. जंगलं आणि जमीन शोषून घेतात ते वजा केलं की उरतं २४४ कोटी.

२. कमी आकडा दोन कारणांनी येतो : ऊर्जा स्वच्छ असते म्हणून, किंवा लोकांच्या वाट्याला ती कमी येते म्हणून. ब्राझीलची निम्म्याहून जास्त वीज पाण्यापासून होते. पाराना नदीवरचा इताइपू हा पॅराग्वेबरोबरचा सामाईक प्रकल्पच १४,००० मेगावॅटचा आहे. उसाच्या इथेनॉलवर गाड्या चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांनी १९७५ मध्ये सुरू केला; महाराष्ट्रातले साखर कारखाने त्या वाटेला खूप उशिरा लागले. आपली सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशाची. तरीही आपला आकडा लहान राहतो, कारण ब्राझीलच्या माणसाला मिळते त्याच्या निम्म्याच्या आसपास वीज आपल्या माणसाला मिळते. याचा अभिमान कसा बाळगायचा? टंचाईतून आलेला हा आकडा आहे.

३. गुरांचा हिशेब जपून करावा. ब्राझीलमध्ये माणसं वीस कोटी आणि गुरं तेवीस कोटींच्या आसपास. त्यातली बहुतेक नेलोर वंशाची, म्हणजे मूळची आपल्या आंध्रातल्या ओंगोल गाईबैलांची वंशावळ! आपल्याकडेही २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशी मिळून तीस कोटी भरल्या. रक्त एक, वायूही एकच. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट. पण आपली जनावरं बहुतांशी कडब्यावर, पेंढ्यावर जगून दूध देतात, औत ओढतात. तिकडे मांसाच्या बाजारासाठी ॲमेझॉन तोडून कुरणं केली जातात. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच बजावलं होतं, की गरिबाच्या भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एका तागडीत घालू नका. मला ते आजही पटतं. मात्र त्या युक्तिवादाची ढाल पारा किंवा मातो ग्रोसो या ब्राझीलच्या राज्यांतल्या बड्या कुरणमालकांना मिळू नये.

४. वर्ष पाहावं. ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये २००४ साली सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटलं, २०१२ मध्ये साधारण ४,६००, आणि २०२१ मध्ये पुन्हा १३,००० च्या वर. सरकारची धोरणं बदलतात तसा तिथला दरडोई आकडा वर-खाली होतो. म्हणून एका वर्षावर निकाल देऊ नये. मी निदान दहा वर्षं शेजारी-शेजारी ठेवतो.

५. सरासरीत श्रीमंत लपतो. मुंबईत वातानुकूलित घरात राहून वारंवार विमानानं फिरणारा आणि मेळघाटात चूल पेटवणारी बाई, दोघांच्याही नावावर तेच दोन टन लागतात. हवामान परिषदांमध्ये भारतानं दरडोई न्याय जरूर मागावा, तो आपला हक्क आहे. पण तोच न्याय देशाच्या आतही लावा, आणि तो लावा असं आपल्या लोकप्रतिनिधींना सांगा.