एच.आय.व्ही. प्रतिबंध आणि पुरुषांचा सहभाग : आफ्रिकेतील अनुभव

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एच.आय.व्ही.चा प्रादुर्भाव जगात सर्वाधिक आहे. २०२३ साली या प्रदेशात नव्याने लागण झालेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के स्त्रिया व मुली होत्या, असे संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे अनुमान आहे. स्त्रीच्या शरीररचनेमुळे तिला लागणीचा धोका अधिक असतो, हे याचे एक कारण होय. परंतु तेवढेच कारण नाही. निरोध वापरावयाचा की नाही, तपासणी करावयाची की नाही, हे पुष्कळ घरांत पुरुषच ठरवितो. असे असूनही प्रतिबंधाचा उपदेश दीर्घकाळ मुख्यत्वे स्त्रियांनाच केला गेला. कारण गरोदरपणातील तपासणीसाठी त्याच आरोग्य केंद्रात येत असत. ज्याच्या हाती निर्णय, तो पुरुष मात्र या कार्यापासून दूरच राहिला. ही उणीव भरून काढण्यासाठी आफ्रिकेतील काही देशांत झालेले प्रयत्न अभ्यासण्याजोगे आहेत.

विषमता व रोग यांचा संबंध

दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथे गरोदरपणातील तपासणीसाठी आलेल्या १,३६६ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांना जोडीदाराकडून मारहाण होत होती, किंवा ज्यांच्यावर त्याचे कडक नियंत्रण होते, त्यांच्यात एच.आय.व्ही.ची लागण अधिक आढळली. घरातील हिंसा ही केवळ कौटुंबिक बाब नसून सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

या विषमतेची किंमत पुरुषालाही मोजावी लागते. आजार कबूल करणे म्हणजे दुबळेपणा, अशी समजूत असल्याने पुरुष तपासणीस कमी येतात, उपचारास उशिरा लागतात आणि त्यामुळे उपचाराविना दगावण्याचा धोका त्यांच्यात अधिक राहतो. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत काम करण्यासाठी लेसोथो, मोझांबिक व मलावी येथून गेलेले मजूर कित्येक महिने कुटुंबापासून दूर, पुरुषांच्या वसतिगृहांत राहत. अशा स्थलांतरामुळेही रोगाच्या प्रसारास वाट मिळाली. तेव्हा पुरुषाला केवळ दोषी ठरवून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

गावाने गावाशी केलेला संवाद

१९९५ साली ॲलिस वेलबर्न यांनी युगांडातील अनुभवाच्या आधारे 'स्टेपिंग स्टोन्स' नावाचा शिक्षणक्रम तयार केला. ओढा ओलांडण्यासाठी पात्रात ठेवलेले दगड, असा त्या नावाचा अर्थ. त्याच्या मूळ पद्धतीत तरुण पुरुष, प्रौढ पुरुष, तरुण स्त्रिया व प्रौढ स्त्रिया यांचे वेगवेगळे गट असतात. प्रत्येक गट प्रथम आपापसांत बोलतो. नंतर सर्व गट एकत्र येतात. व्याख्यानांऐवजी चर्चा व नाट्यप्रसंग यांवर भर असतो.

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात ७० गावांतील तरुण-तरुणींमध्ये या शिक्षणक्रमाची शास्त्रीय कसोटी घेण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार जननेंद्रियांच्या हर्पिस या रोगाची नवी लागण सुमारे एक-तृतीयांशाने घटली. पुरुषांकडून जोडीदारावर होणाऱ्या हिंसेचे प्रमाणही, त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, कमी झाले. तथापि, एच.आय.व्ही.च्या नव्या लागणीत निर्णायक घट सिद्ध झाली नाही आणि तरुणींच्या वर्तनात अपेक्षित बदलही दिसला नाही. चर्चेने पुरुषाचे वर्तन बदलू शकते. परंतु केवळ चर्चा पुरेशी नाही, हा दुहेरी धडा यातून मिळाला.

युगांडाची राजधानी कंपाला येथील 'सासा' या उपक्रमाने एक पाऊल पुढे टाकले. स्वाहिली भाषेत 'सासा' म्हणजे 'आता'. येथे निवडक गटांना शिकविण्याऐवजी संपूर्ण वस्तीचे मत घडविण्याचा यत्न झाला. वस्तीतीलच स्त्री-पुरुष स्वयंसेवकांनी शेजारीपाजारी, धर्मोपदेशक, पोलीस व आरोग्यसेवक यांच्याशी सत्तेचा वापर व गैरवापर या विषयावर सातत्याने संवाद साधला. आठ वस्त्यांतील तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. उपक्रम राबविलेल्या वस्त्यांत गेल्या वर्षभरात जोडीदाराकडून शारीरिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ५२ टक्क्यांनी कमी आढळले. शेजाऱ्याने मारहाणीकडे काणाडोळा करणे सोडले, की मारणाऱ्याचा हात आखडतो, असा याचा आशय आहे.

सेवा पुरुषांपर्यंत नेणे

मतपरिवर्तनाला सेवेची जोड हवी. दिवसा उघडणारे आरोग्य केंद्र मजुरी करणाऱ्या पुरुषाला सोयीचे नसते. केनियातील किसुमू येथे यावर एक साधा उपाय करून पाहण्यात आला. गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना पतीसाठी स्वतःच करावयाच्या तपासणीचे संच देण्यात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांत तपासणी केलेल्या जोडीदारांचे प्रमाण सुमारे ९१ टक्के झाले. केवळ निमंत्रणपत्र दिलेल्या गटात ते सुमारे ५२ टक्के होते. अर्थात, असा संच घरी नेणे पत्नीला सुरक्षित वाटते की नाही, हे तिला आधी विचारणे अगत्याचे असते.

दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील अभ्यासांत वैद्यकीय सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होतो, असे दिसून आले. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. मात्र हे संरक्षण अपुरे असते आणि त्याने पत्नीचे थेट रक्षण होत नाही. म्हणून शस्त्रक्रियेबरोबर निरोधाचा सल्लाही दिला जातो. औषधे नियमित घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके घटले व तसेच राहिले, तर तिच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. पुरुष वेळेवर उपचार घेऊ लागला की त्याचे स्वतःचे आयुष्य वाढते व जोडीदारही सुरक्षित राहते.

अनुभवाचे सार

लोकशिक्षणाचे काम करणाऱ्यांना या अनुभवांतून तीन गोष्टी घेता येतील. पुरुषाला आरोपी म्हणून नव्हे, तर जबाबदार भागीदार म्हणून बोलवावे. मात्र त्याच्या सहभागाच्या नावाखाली स्त्रीच्या निर्णयाचा हक्क पुन्हा त्याच्याच हाती जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. आणि किती सभा झाल्या यावर यश न मोजता घरातील हिंसा किती घटली, किती पुरुषांनी तपासणी केली व कितीजणांनी उपचार चालू ठेवले, यांवर ते मोजावे. सभा एका दिवसात भरविता येते. घरातील वागणूक बदलण्यास महिने व वर्षे लागतात. तेवढी सवड ठेवूनच अशा कार्याची आखणी व्हावयास हवी.