बंद खोलीतील ज्योत : एक गंधहीन विष

ग्वाल्हेरचा हिवाळा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. जानेवारीत पारा उतरू लागला, की घरोघरी दारे-खिडक्या घट्ट बंद होतात आणि आत कोठे ना कोठे ज्योत पेटते. अशाच एका हिवाळ्यात माझ्या हातून घडलेली चूक हे प्रस्तुत लेखाचे निमित्त आहे.

काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांच्या एका मुलीला माझ्याकडे आणण्यात आले. सकाळी स्नानगृहात ती बेशुद्ध पडली होती व तिचे हातपाय ताठ झाले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती शुद्धीवर आली. डोके दुखत होते, एक उलटीही झाली होती. ई.ई.जी. निर्दोष होता. तरीही मी अपस्माराचे निदान केले व औषध सुरू केले. तीन आठवड्यांनी तिची आई पुन्हा आली. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, औषधाचा एकही डोस चुकला नाही, तरी काल पुन्हा बाथरूममध्येच पडली. तिला उचलायला आत गेले, तर माझंही डोकं गरगरायला लागलं."

"बाथरूममध्येच" आणि "माझंही" या दोन शब्दांनी माझे डोळे उघडले. पाणी कशावर तापवता, हा साधा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नव्हता. स्नानगृहातील भिंतीवर गॅस गीझर होता आणि गार वारा येतो म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला होता. गीझर बाहेरच्या गॅलरीत गेला, पुठ्ठा निघाला, औषध क्रमाक्रमाने थांबविले. मुलीला पुन्हा झटका आला नाही.

ज्योतीचे गणित

घरगुती गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण. एक किलो गॅस पूर्णपणे जळण्यास सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापविणारा गीझर तासाला जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. पाच फूट बाय सहा फूट, आठ फूट उंचीच्या स्नानगृहात जेमतेम ७ घनमीटर हवा मावते. म्हणजे बाहेरची हवा आत न आल्यास पंधरा मिनिटांच्या स्नानात निम्म्या हवेतील प्राणवायू गीझरच मागणार! तो पुरेनासा होऊ लागला, की ज्वलन अपुरे होते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

ज्योत मोठी तितका धोका मोठा. अमेरिकेत घरी बिअर तयार करणारे हौशी लोक वीस-वीस लिटर द्रव तासभर उकळण्यासाठी प्रोपेनचे मोठे बर्नर वापरतात. ते उघड्यावर वापरण्यासाठी असतात. थंडीमुळे ते तळघरात वा गॅरेजमध्ये लावणे म्हणजे संकटास आमंत्रण. आपल्याकडे मंगलकार्याची गॅसभट्टी बंद खोलीत पेटविणे हाही त्याच जातीचा अविचार होय.

गॅसगळती वासावरून कळते, कारण त्यात तीव्र वासाचे मरकॅप्टन मुद्दाम मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही व गंधही नाही. "वास तर येत नव्हता" हे वाक्य म्हणूनच निरर्थक ठरते.

रक्तात काय घडते

हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात खाणीत छोटे प्राणी नेण्याचे सुचविले; ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत वापरात होते. जलद श्वसनामुळे त्यांना विषबाधा आधी होई. लहान मुलांचे श्वसनही जलद असते; घरात सर्वांआधी मूल मलूल होते ते त्यामुळेच. गर्भाला धोका त्याहून अधिक, कारण गर्भाच्या रक्तातून हा वायू सावकाश बाहेर पडतो.

म्हणूनच बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. शेक आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी यांमागील माया मी जाणतो. परंतु धगधगता कोळसा धूर न करताही हा वायू सोडतो. आजीबाईंना दुखवू नये. "आजी, शेक द्या, पण निखारे बाहेर ठेवून, कापड गरम करून द्या," एवढे सांगावे.

समव्यवसायी मित्रांसाठी

पल्स ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायुयुक्तच भासते व आकडा ९८ दाखवितो. त्वचेचा लालबुंद रंग जिवंत रुग्णात क्वचितच दिसतो. संशय येताच रक्त तपासणीस पाठवावे, मात्र अहवालाची वाट न पाहता मुखवट्याने शंभर टक्के प्राणवायू द्यावा. साध्या हवेत या विषाचे प्रमाण निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तास पुरतो. गर्भवतीस तो अधिक काळ द्यावा. विस्मरण, स्वभावातील बदल अशी लक्षणे काही दिवसांनी वा आठवड्यांनीही उद्भवतात. पुनर्तपासणी टाळू नये.

प्रत्येक घरासाठी

१. गॅस गीझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा.
२. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, मगच स्नानास जावे.
३. झरोका कधीही बुजवू नये.
४. ज्योत पिवळी झाल्यास वा काजळी धरल्यास दुरुस्ती करावी. मात्र निळी ज्योत ही सुरक्षिततेची हमी नव्हे.
५. निजण्याच्या खोलीत पेटती शेगडी ठेवू नये.
६. कोणी बेशुद्ध आढळल्यास दार-खिडक्या सताड उघडून त्यास प्रथम बाहेर काढावे, गॅस बंद करावा व रुग्णालय गाठावे.

त्या मुलीच्या प्रकृतीचा प्रश्न सुटला तो कोणत्याही महागड्या तपासणीने नव्हे, तर तिच्या आईच्या एका वाक्याने. हिवाळ्यात चक्कर, डोकेदुखी वा झटका घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला, "हे कोठे घडले, आणि तेथे काय पेटलेले होते?" असे विचारण्याचा परिपाठ मी तेव्हापासून ठेवला आहे. आपणही तो ठेवावा, ही विनंती.